स्पोर्ट्स मोटारीची बदली चाके व टायर

बदली चाके व टायर म्हणजे मोटारीला कारखान्यातून बसवून आलेल्या चाकांच्या व टायरच्या जागी मालकाने नंतर बसवलेली चाके व टायर होत. मूळ टायर झिजल्यामुळे, रिम वाकल्यामुळे किंवा तडकल्यामुळे, तसेच मोटारीचे रूप किंवा रस्त्यावरील पकड बदलण्याच्या हेतूने असा बदल केला जातो. स्पोर्ट्स मोटारीत आणि अधिक शक्तीचे इंजिन असलेल्या छोट्या मोटारीत या निवडीला विशेष महत्त्व असते. अशी मोटार वेगाने धावते, जोरात ब्रेक लावते आणि वळणावर टायरवर अधिक ताण आणते. मोटार आणि रस्ता यांचा संबंध चार टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिकाणांपुरताच असतो. त्यामुळे इंजिन, ब्रेक व स्टिअरिंग यांचे सर्व गुण शेवटी टायरवरच अवलंबून राहतात.

योग्य निवडीसाठी टायरचा व्यास, भारक्षमता व वेगक्षमता आणि रिमचे बोल्टवर्तुळ, मधले छिद्र व ऑफसेट या सर्व गोष्टी मोटारीशी जुळाव्या लागतात. यांपैकी एखादी गोष्ट न जुळताही चाक मोटारीवर बसू शकते आणि दिसायला निर्दोष वाटते. दोष मात्र पूर्ण भार, मोठा वेग, उष्णता किंवा पाऊस अशा वेळी उघड होतो.

महाराष्ट्रातील मोटारी

दोन आसनी स्पोर्ट्स मोटारी भारतात फारशा तयार झाल्या नाहीत. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइन या संस्थेने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत सादर केलेली ‘अवंती’ हे त्यातील अपवादात्मक उदाहरण होय. सर्वसामान्य खरेदीदाराच्या दृष्टीने स्पोर्ट्स मोटारीची जागा प्रामुख्याने वेगवान हॅचबॅक व सेडान मोटारींनी घेतली. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन पोलो ही त्यांपैकी एक. तिची जी.टी. टी.एस.आय. ही आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि २०२२ मध्ये पोलोचे भारतातील उत्पादन थांबले. औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे स्कोडा ऑक्टेव्हियाची जुळणी होत असे. तिची आर.एस. ही वेगवान आवृत्ती २०१७ मध्ये भारतात विक्रीस आली. या मोटारी आजही जुन्या मोटारींच्या बाजारात मागणी टिकवून आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ टायर केव्हाच बदलले गेले आहेत.

टायरवरील खुणांचा अर्थ

टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याचे माप कोरलेले असते. ‘२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू’ या खुणेत २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये असते. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचना दर्शवते. १७ हा रिमचा इंचांतील व्यास, ९१ हा भारनिर्देशांक आणि ‘डब्ल्यू’ हे वेगाचे चिन्ह होय.

भारनिर्देशांकाच्या अंकात थेट किलोग्रॅम दिलेले नसतात. त्यासाठी ठरलेला तक्ता आहे. ८४ म्हणजे प्रत्येक टायरला ५०० किलोग्रॅम, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५ आणि ९४ म्हणजे ६७० किलोग्रॅम. वेगाच्या चिन्हांपैकी ‘टी’ ताशी १९० किलोमीटर, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४० आणि ‘डब्ल्यू’ २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता सांगते. कायद्याने ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असताना २४० ची क्षमता कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. वेगाचे चिन्ह हे टायर उष्णता किती सहन करतो याचेही गमक असते. म्हणून मोटार हळू चालवणाऱ्यानेही कंपनीने ठरवलेल्यापेक्षा कमी चिन्हाचा टायर घेणे योग्य ठरत नाही.

‘एक्स्ट्रा लोड’ किंवा ‘एक्स.एल.’ अशी खूण असलेल्या टायरची भारक्षमता अधिक असते. मात्र ती क्षमता अधिक हवेच्या दाबावरच मिळते. जुन्या टायरइतकीच हवा भरल्यास अशा टायरचा अपेक्षित लाभ होत नाही.

भिंतीवर एका लंबगोलात चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालाचा तेविसावा आठवडा. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायर प्रत्यक्षात किती जुना आहे, हे या अंकांवरून कळते.

व्यास आणि वेगमापक

रिम मोठे घेतले तर टायरची भिंत त्या प्रमाणात कमी करावी लागते, म्हणजे चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो. ऑक्टेव्हियाच्या वर्गातील मोटारींसाठी प्रचलित असलेल्या तीन मापांवरून हे स्पष्ट होते.

२०५/५५ आर १६ : एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, भिंतीची उंची ११३ मिलिमीटर.
२२५/४५ आर १७ : एकूण व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, भिंतीची उंची १०१ मिलिमीटर.
२२५/४० आर १८ : एकूण व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर, भिंतीची उंची ९० मिलिमीटर.

तिन्ही मापांच्या व्यासात एक टक्क्याहूनही कमी फरक आहे. रस्ता आणि धातूचे रिम यांच्यामधील रबराची उशी मात्र ११३ वरून ९० मिलिमीटरवर येते. भिंत जितकी कमी, तितका वळणावर टायर कमी वाकतो आणि स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो. त्याच कारणाने खड्ड्याचा धक्का अधिक प्रमाणात रिमपर्यंत पोहोचतो.

व्यासाचे प्रमाण बिघडल्यास वेगमापक चुकीचा वेग दाखवतो. पोलो जी.टी.च्या १८५/६० आर १५ या मापाचा व्यास ६०३ मिलिमीटर आहे. त्याऐवजी उंच दिसावे म्हणून २०५/६५ आर १५ टायर बसवला, तर व्यास सुमारे ६४७ मिलिमीटर म्हणजे ७ टक्क्यांनी अधिक होतो. आधीच्या टायरवर काटा ताशी १२० किलोमीटर दाखवत असेल, त्या ठिकाणी मोटार आता जवळजवळ १२९ च्या वेगाने धावत असेल. त्याबरोबर इंजिनचा ओढ कमी होतो आणि ब्रेकना अधिक काम करावे लागते. दोन ते तीन टक्क्यांच्या आत फरक ठेवण्याचा संकेत याच कारणाने रूढ आहे. पुढील आणि मागील टायरच्या व्यासात फरक पडल्यास चाकांच्या फिरण्याची तुलना करणाऱ्या ए.बी.एस. व स्थैर्यनियंत्रण यंत्रणांनाही चुकीची माहिती मिळू शकते.

रिमची मापे

बोल्टवर्तुळ : चाकाच्या बोल्टांची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात, त्या वर्तुळाच्या व्यासाला व्यवहारात ‘पी.सी.डी.’ म्हणतात. पोलोचे बोल्टवर्तुळ पाच छिद्रांचे व १०० मिलिमीटर व्यासाचे आहे. ऑक्टेव्हियाचे पाच छिद्रांचे व ११२ मिलिमीटर व्यासाचे. दोन्ही मोटारी एकाच उद्योगसमूहाच्या आहेत आणि दोहोंच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर आहे. तरीही एकीचे रिम दुसरीला बसत नाही. मारुती स्विफ्ट व ह्युंदाई आय-२० यांना चार छिद्रांचे १०० मिलिमीटरचे वर्तुळ असते. केवळ ‘शंभरचे पी.सी.डी.’ एवढे सांगून रिम मागवणे त्यामुळे अपुरे ठरते. छिद्रांची संख्याही सांगावी लागते.

मधले छिद्र : रिमच्या मधोमध असलेले छिद्र मोटारीच्या हबवर घट्ट बसावे, म्हणजे चाक अचूक मध्यावर येते. बाजारातील अनेक रिमना हे छिद्र मुद्दाम मोठे ठेवलेले असते. उदाहरणार्थ, मर्सिडीजच्या रिमचे बोल्टवर्तुळही ११२ मिलिमीटरचे असते, परंतु मधले छिद्र ६६.६ मिलिमीटरचे असते. असे जुने रिम ऑक्टेव्हियाला बसवताना मधली फट भरणारी कडी लागते. ती वगळल्यास ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि कितीही वेळा बॅलन्सिंग केले तरी दोष सापडत नाही.

ऑफसेट : रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात, ते ‘ई.टी.’ या अक्षरांनी दर्शवतात. सात इंच रुंद व ४९ ऑफसेटच्या रिमऐवजी साडेसात इंच रुंद व ४५ ऑफसेटचे रिम बसवल्यास चाकाची बाहेरची कड सुमारे १० मिलिमीटर बाहेर आणि आतली कड सुमारे २ मिलिमीटर आत सरकते. बाहेर सरकलेले चाक पूर्ण भारात मडगार्डच्या कडेला घासू शकते आणि बेअरिंगवरील ताणही वाढवते.

बोल्टची बैठक : बोल्टचा जो भाग रिमला टेकतो त्याचा आकार गोलाकार किंवा शंकूसारखा असतो. फोक्सवॅगन व स्कोडा यांचे मूळ बोल्ट गोलाकार बैठकीचे, तर बाजारातील बहुतेक अलॉय रिम शंकूच्या बैठकीचे असतात. मूळ बोल्ट अशा रिमला लावल्यास तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक कडेवर टेकतो. पाना लावताना तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण काही अंतर गेल्यावर सैल होऊ लागतो. बदली रिमबरोबर योग्य बैठकीचे व योग्य लांबीचे बोल्टही घ्यावे लागतात, ते यासाठी.

पोलादी व अलॉय रिम

पोलादी रिम जड असते, पण जोराचा मार बसल्यास बहुधा वाकते आणि ठोकून सरळ करता येते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अलॉय रिम ब्रेकची उष्णता चांगली बाहेर टाकते. मात्र जोराच्या आघाताने त्याला तडा जाऊ शकतो. साच्यात ओतलेले रिम सर्वांत स्वस्त, तर दाबाखाली घडवलेले रिम हलके, मजबूत व महाग असते. दोहोंच्या मध्ये ‘फ्लो फॉर्म्ड’ हा प्रकार येतो. चाकाचे वजन स्प्रिंगांनी पेललेले नसल्यामुळे त्यातील घट मोटारीच्या चालीत लवकर जाणवते. मोठ्या व्यासाचे स्वस्त ओतीव रिम मूळ लहान रिमपेक्षा जड असू शकते. तेव्हा रूप बदलते पण चाल बिघडते. तडा गेलेले अलॉय रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरणे धोक्याचे मानले जाते, कारण जोडाशेजारच्या धातूची मूळ ताकद उष्णतेने कमी होते.

मौदा व नागपूर परिसरातील परिस्थिती

मौदा हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कन्हान नदीच्या परिसरात, नागपूर–भंडारा–रायपूर या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर आहे. हाच मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. पश्चिम व पूर्व भारताला जोडणाऱ्या या मार्गावर अवजड वाहनांची मोठी वर्दळ असते. एनटीपीसीचे २,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्रही याच तालुक्यात आहे. नागपूरच्या पलीकडे शिवमडका येथून समृद्धी महामार्ग सुरू होतो. त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि मुंबईकडील शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे मौद्यातील मोटारीला एकाच आठवड्यात गावातील खडबडीत रस्ते, मालमोटारींच्या रांगेतील महामार्ग आणि ताशी १२० किलोमीटरची अखंड धाव अशा तीन वेगवेगळ्या परिस्थितींना तोंड द्यावे लागू शकते.

या परिस्थितीत पहिला विचार उष्णतेचा असतो. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि उन्हातील रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून बराच अधिक तापतो. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची सवय अनेक चालकांना असते. तिचा परिणाम उलटा होतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो व सुटतो; त्या सततच्या वाकण्यानेच रबरात उष्णता साठते आणि आतील थर सुटू लागतात. २७ अंशांवर ३० पी.एस.आय. दाब असलेल्या टायरमधील हवा ५७ अंशांपर्यंत तापली, तर दाब सुमारे साडेचार पी.एस.आय.ने वाढतो. ही वाढ टायरच्या रचनेत गृहीत धरलेली असते. गरम टायरमधील हवा सोडून दाब ‘बरोबर’ केल्यास थंड झाल्यावर तो टायर कमी हवेचा ठरतो. दाब सकाळी, मोटार चालवण्यापूर्वी, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासणे योग्य होय. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनटाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. पूर्ण भारासाठी त्यात वेगळा, अधिक दाब दिलेला असतो. नायट्रोजन कोरडा असतो, परंतु तापल्यावर त्याचाही दाब जवळजवळ तेवढाच वाढतो. त्यामुळे नायट्रोजन भरल्याने दाब तपासण्याची गरज संपत नाही.

दुसरा विचार पावसाचा. जून ते सप्टेंबर या काळात रस्त्यावर साचलेले पाणी टायरच्या खाचांतून बाहेर फेकले गेले नाही, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. टायर जितका रुंद, तितके अधिक पाणी त्याला बाजूला सारावे लागते. म्हणून रुंद टायर घेणाऱ्याने खाचांच्या खोलीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

तिसरा विचार खड्ड्यांचा. ९० मिलिमीटर भिंतीचा टायर सपाट महामार्गावर चांगला प्रतिसाद देतो, पण मालमोटारीच्या मागून अचानक समोर आलेल्या खड्ड्यात रिम व टायर यांचे एकाच वेळी नुकसान होऊ शकते. भिंतीवर आलेला फुगा हा आतील धागे तुटल्याचे लक्षण असते; तो टायर दुरुस्त होत नाही. त्यामुळे अशा मिश्र रस्त्यांवर कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी मधले किंवा लहान रिम, पुरेशी उंच भिंत आणि त्यावर चांगल्या रबराचा टायर ही निवड बहुधा अधिक सुरक्षित ठरते. पकड मुख्यतः रबराच्या गुणावर अवलंबून असते. रिम एक इंचाने वाढवण्याचा खर्च चांगल्या टायरवर केल्यास ब्रेकचे अंतर कमी होण्याची शक्यता अधिक असते.

रबर व नक्षी

मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. कठीण रबराचा टायर टिकतो, पण ओल्या रस्त्यावर तुलनेने अधिक घसरतो. अमेरिकी पद्धतीच्या खुणा असलेल्या टायरवर झिजेचा अंक, पकडीची श्रेणी व उष्णतेची श्रेणी दिलेली असते. झिजेचा अंक २०० च्या आसपास असल्यास रबर मऊ, ४०० च्या आसपास असल्यास ते अधिक टिकाऊ असल्याचा अंदाज करता येतो. उष्णतेच्या श्रेणीत ‘ए’ ही सर्वोच्च होय. विदर्भातील वापरासाठी हे अक्षर आवर्जून पाहण्यासारखे आहे.

काही टायरवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते, तर काहींवर आतली व बाहेरची बाजू लिहिलेली असते. ते उलटे बसवल्यास पाणी बाहेर टाकण्याची रचना नीट काम करत नाही. दोनच नवे टायर घ्यायचे असल्यास ते मागील चाकांना बसवण्याची शिफारस केली जाते, कारण ओल्या रस्त्यावर मागचा भाग आधी घसरला तर मोटार सावरणे कठीण असते.

कायदा व मानके

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. ही मर्यादा दाखवणारे छोटे उंचवटे खाचांच्या तळाशी असतात. नक्षी त्यांच्या पातळीवर आली की टायर बदलावा लागतो. पावसाळ्यातील पकडीसाठी तीन मिलिमीटरच्या आसपासच बदल करण्याचा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात. पूर्ण गुळगुळीत झालेल्या टायरला बोलीभाषेत ‘गोटा’ झालेला टायर म्हणतात. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायरची तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरच्या वाहनांवर कारवाई केली.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर भारतीय मानक १५६३३ नुसार आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक आहे. ओल्या रस्त्यावरील पकड, फिरण्यातील रोध व आवाज यांविषयीच्या ए.आय.एस. १४२ या मानकाची अधिसूचना २०२२ मध्ये निघाली. जून २०२० मध्ये टायरची आयात ‘निर्बंधित’ वर्गात गेल्यामुळे आयातीसाठी परवाना लागू झाला. प्रामुख्याने परदेशातून येणाऱ्या मोठ्या व कमी भिंतीच्या टायरच्या उपलब्धतेवर त्याचा परिणाम झाला. असामान्य माप निवडण्यापूर्वी एकच टायर फुटल्यास तसाच दुसरा नागपुरात मिळेल काय, याची चौकशी त्यामुळे आवश्यक ठरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांत राहणे हा त्या दृष्टीने सुरक्षित मार्ग होय. बदलाची माहिती विमा कंपनीस देणेही आवश्यक असते; अन्यथा अपघातानंतर दाव्याविषयी वाद उद्भवू शकतो.

बसवणी व स्टेपनी

नवे चाक बसवताना हबवरील गंज व माती साफ करावी लागते. बोल्ट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरच्या क्रमाने आवळतात. पोलो व ऑक्टेव्हिया यांच्या बोल्टसाठी १२० न्यूटन-मीटर एवढा जोर ठरलेला आहे आणि तो मोजणाऱ्या पान्यानेच द्यावा लागतो. हवेच्या यंत्राने बेसुमार आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि रस्त्यात पंक्चर झाल्यास हाताने निघत नाही. अलॉय रिम बसवल्यानंतर साधारण ५० ते १०० किलोमीटर अंतरावर बोल्ट पुन्हा तपासतात. बॅलन्सिंग व व्हील अलाइनमेंट ही दोन वेगळी कामे असून नवीन संच बसवल्यावर दोन्ही करावी लागतात.

जादा चाकासाठी मराठीत रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेल्ली या गावातील स्टेपनी मार्गावरून आला. तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा व्यवसाय सुरू झाला होता. चारही रिम बदलले तरी स्टेपनी बहुधा मूळ पोलादी रिमवरच राहते. अशा वेळी नव्या रिमचे शंकूच्या बैठकीचे बोल्ट तिला चालत नाहीत. मूळ बोल्टांचा एक संच डिकीत ठेवला नसेल, तर रात्रीच्या वेळी महामार्गावर हवा भरलेली स्टेपनी हाती असूनही ती सुरक्षितपणे बसवता येत नाही. ज्या मोटारीत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असतो, तेथे तो संच भिंतीला पडलेली चीर बुजवू शकत नाही, हेही कमी भिंतीचा टायर निवडताना विचारात घ्यावे लागते.

निवडीचा क्रम

प्रथम कंपनीने मान्य केलेली मापे, भारनिर्देशांक व वेगाचे चिन्ह पाहणे. नंतर नेहमीच्या रस्त्याला साजेशी भिंतीची उंची ठरवणे. त्या मापात टायर सहज मिळतो याची खात्री करणे. आणि त्यानंतर बोल्टवर्तुळ, मधले छिद्र, ऑफसेट व बोल्टची बैठक जुळणारे रिम शोधणे, असा क्रम सोयीचा असतो. दुकानात बहुधा याच्या उलट क्रमाने, म्हणजे रिमच्या नक्षीपासून, निवड सुरू होते. मग त्या रिमला बसणारा टायर आणि त्या टायरला सोसणारा रस्ता शोधण्याची वेळ मालकावर येते.